फोटोची मागची बाजूही टाका

जुन्या ब्रिटिश रेल्वेच्या फोटोंवर जीव असलेल्या, ते कुठून कुठून शोधून एकमेकांना पाठवणाऱ्या आणि रात्री दीड वाजेपर्यंत त्यावर बोलत बसणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, १९ वर्षं झाली आता. माहेर भुसावळ. बाबा लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे रेल्वे बघायला आम्हाला कुठे जावं लागलं नाही, ती बाबांच्या कपड्यांना तेलाचा वास होऊन रोज घरी यायची. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखते, निदान नावानं तरी. हे पत्र भांडायला लिहीत नाहीये, खूप दिवस मनात घोळतंय ते एकदा नीट सांगावं म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी हे सांगते की तुमच्याकडून मी खूप शिकले. सिग्नलचा हात वर उठतोय की खाली पडतोय एवढ्यावरून ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीचा इलाखा की दुसऱ्या कोणाचा हे कोणीतरी पाच मिनिटांत सांगतं. डब्याच्या दारावर ३ आकडा रंगवलेला दिसला की फोटो बहुतेक जून १९५६ च्या आधीचा, कारण तेव्हा थर्ड क्लास हे नावच गेलं आणि त्याचा सेकंड झाला. स्टेशनवर नावाची पाटीच नाही म्हणजे युद्धाचा काळ असू शकतो, जर्मन उतरलेच तर त्यांना आपण कुठे आहोत ते कळू नये म्हणून १९४० मध्ये पाट्या काढल्या होत्या. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे इंजिनाच्या तोंडावरच्या गोल दारावर खाली ती छोटी अंडाकृती पाटी असते ना, इंजिन कुठल्या शेडचं ते सांगणारी, लीड्सच्या होल्बेक शेडची असेल आणि त्यावर २०ए असेल तर १९५७ च्या आधीचा फोटो, ५५ए असेल तर नंतरचा. हे सगळं मला कोणी पुस्तकातून नाही शिकवलं, तुमच्याच गप्पांतून कळलं. म्हणून तर तुम्हालाच सांगायचंय, दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

सध्या जो फोटो सगळीकडे फिरतोय त्याच्यापासून सुरुवात करते. इंजिनावर कोल्हापूर नाव. बघितल्यावर ऊर भरून आला, माझाही आला, का नाही येणार, इतक्या लांब इंग्लंडमधल्या इंजिनावर आपल्या गावाचं नाव! पण खाली लिहिलेलं काय तर हे इंजिन शाहू महाराजांनी विलायतेतून मागवलं होतं आणि ते कोल्हापूर-मिरज धावायचं. अहो, महाराज गेले १९२२ ला आणि हे इंजिन ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीत बांधलं गेलं १९३४ ला. त्यातून कोल्हापूर-मिरज तेव्हा मीटर गेज आणि हे स्टँडर्ड गेजचं इंजिन, ते त्या रुळावर उभंसुद्धा राहिलं नसतं. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या जुबिली क्लासमधलं ते, क्लासमध्ये एकूण १९१ इंजिनं, त्यातल्या बऱ्याच इंजिनांना साम्राज्यातल्या देशांची, प्रांतांची, संस्थानांची नावं दिली होती. बॉम्बे आहे, बडोदा आहे, ग्वाल्हेर आहे, इंदोर आहे आणि इंदोरच्या पुढच्याच नंबरचं कोल्हापूर, आधी ५५९३ आणि १९४८ ला रेल्वे सरकारी झाल्यावर ४५५९३. शेवटची वर्षं ते होल्बेकला होतं, १९६७ मध्ये कामावरून काढलं आणि भंगारात न जाता बर्मिंगहॅमच्या टाइजलीला जपून ठेवलं गेलं. ही खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा कमी आहे का? लँकेशायर-यॉर्कशायरमधल्या कोणा फायरमननं रोज पहाटे उठून कोल्हापूरच्या भट्टीत कोळसा टाकलाय, कोल्हापूर हा शब्द त्याच्या तोंडी असेल, कसाही उच्चारत असेल पण असेल. मला तर ते महाराजांच्या भाकडकथेपेक्षा फार जवळचं वाटतं.

बरं हे निदान दुरुस्त करता येतं, कोणीतरी खाली लिहितं की असं नाहीये आणि विषय मिटतो. जे दुरुस्त करता येत नाही त्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं.

मागच्या दिवाळीच्या सुमारास अजून एका जुबिलीचा फोटो आला, कोल्हापूर नव्हे, दुसरं इंजिन. कोणीतरी मोबाईलच्या ॲपमधून साफ करून, रंग भरून टाकलेला, खाली १९५५ लिहिलेलं. दिसायला फार गोड, लोकांनी बदामांचा पाऊस पाडला. माझ्याकडे त्याच फोटोचा साधा काळा-पांढरा प्रिंट होता म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. मूळ फोटोत कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनच्या बाजूला, नंबरावरून तिरका एक फिकट पट्टा आहे. ॲपला वाटलं ओरखडा आहे, त्यानं तो पुसून टाकला आणि त्या जागी गुळगुळीत हिरवा रंग भरला. आता तुमच्यातल्या जाणत्यांना माहितीच आहे तो पट्टा काय ते. क्रू नावाच्या जंक्शनच्या दक्षिणेला २५,००० व्होल्टच्या तारा टाकल्यावर काही जातींच्या इंजिनांना तिकडे जायला बंदी घातली, तारेखालून जाण्याइतकी मोकळी उंची त्यांना मिळत नव्हती, आणि १ सप्टेंबर १९६४ पासूनच्या त्या बंदीची खूण म्हणून कॅबवर तिरका पिवळा पट्टा मारायचे. म्हणजे तो फोटो १९५५ चा असूच शकत नाही, ते इंजिन आयुष्याच्या अगदी शेवटच्या दोन-तीन वर्षांत आहे, कदाचित पुढच्या हिवाळ्यात कापलं गेलं असेल. सगळी गोष्ट त्या पट्ट्यात होती आणि पट्टाच गेला. आणि मागे फलाटावर जे तीन हमाल उभे आहेत, मूळ फोटोत त्यांचे चेहरे हलल्यामुळे पुसट आलेत, त्यांना ॲपनं नवे चेहरे दिलेत. डोळे, दात, सगळं. ती माणसं जगात कधी नव्हतीच. खऱ्या तिघांच्या जागी ती उभी आहेत आणि आता तोच फोटो पुढे पुढे जातोय.

हे मी उगाच मनाला लावून घेतेय असं कोणाला वाटेल म्हणून टे पुलाचं सांगते. २८ डिसेंबर १८७९ ची रात्र, वादळ, स्कॉटलंडमध्ये डंडीजवळचा टे नदीवरचा पूल मधोमध कोसळला आणि त्यावरची गाडी सगळ्या माणसांसकट नदीत गेली, कोणी वाचलं नाही. चौकशीसाठी डंडीच्या व्हॅलेंटाइन स्टुडिओकडून पडलेल्या खांबांचे फोटो काढून घेतले. ते फोटो जपले गेले, आणि सव्वाशे एक वर्षांनी ओपन युनिव्हर्सिटीतल्या पीटर लुईस यांनी ते मोठ्या रेझोल्युशननं स्कॅन करून पुन्हा इंच इंच वाचले, ओतीव लोखंडाच्या खांबांना जे कान होते, ज्यांत तिरक्या पट्ट्यांचे बोल्ट अडकवलेले, ते कान कसे कसे तुटलेत ते त्या फोटोंत दिसत होतं. आता विचार करा, मधल्या काळात कोणी चांगल्या हेतूनं ते तडे ओरखडे समजून साफ केले असते तर? आपल्यापैकी कोणाच्या हातात कुठला फोटो आहे आणि शंभर वर्षांनी त्यात कोणाला काय दिसणार आहे ते आज सांगता येत नाही. रंग भरायचाच असेल तर भरा, मी कोण अडवणारी, पण मूळ फोटो त्याच्या सोबत टाका आणि रंग आपण भरलाय हे लिहा. आणि भरण्याआधी हेही लक्षात असू द्या की जुन्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसायचाच नाही, मिडलंड रेल्वेचं लालचुटुक इंजिन त्या फोटोत काळंकुट्ट येतं. म्हणून तर कारखान्यातून नवं इंजिन बाहेर काढलं की ऑफिशियल फोटोसाठी त्याला आधी करड्या रंगात रंगवायचे, प्रत्येक रिवेट दिसावा म्हणून, फोटो झाला की मग खरा रंग. ॲपला हे कोणी सांगितलेलं नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, नाव देत नाही. वाफेच्या काळात इथे लेस्टरच्याच शेडला फायरमन होते, नंतर डिझेलवर ड्रायव्हर. बाबा फिटर होते म्हटल्यावर त्यांनी मला घरातलीच मानली. त्यांच्याकडे बुटाच्या खोक्यांत फोटो होते, काही स्वतः काढलेले, काही शौकीन लोकांशी अदलाबदल करून मिळालेले. प्रत्येक फोटोच्या मागे बारीक पेन्सिलीत लिहिलेलं, इंजिनाचा नंबर, शेड, तारीख, कुठली गाडी, किती वाजता, ॲपर्चर एफ ८, शटर एकदोनशेपन्नासांश. इतकं सगळं. आणि समोर फोटोत फूटप्लेटवरून, म्हणजे इंजिनावरच्या उभं राहायच्या जागेवरून, वाकून हसणारा जो माणूस आहे त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. एका फोटोत तर नाहीच, दुसऱ्यातही नाही, सगळ्यातच नाही. मी विचारलं तेव्हा ते थोडे गप्प झाले आणि म्हणाले, तेव्हा आम्हाला सगळ्यांना माहिती होतं ना कोण आहे ते, लिहायचं कशाला.

मला भुसावळच्या आमच्या घरातला फोटो आठवला. १९७९ चा, एका चार्जमनच्या निरोपसमारंभाचा, शेडसमोर खुर्च्या मांडून, हार घालून, इंजिनाचा जेमतेम बफर दिसतोय कोपऱ्यात. बाबांनी मागे शाईच्या पेनानं लिहून ठेवलंय, खुर्चीवर बसलेले डावीकडून, मागे उभे डावीकडून, खाली बसलेले. सव्वीस नावं. आणि शेवटच्या रांगेतल्या एकासमोर लिहिलंय, नाव आठवत नाही, जळगावचा, बासरी छान वाजवायचा. बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. तो बासरीवाला खलाशी माझ्या डोळ्यासमोर उभा राहतो, ते एवढ्या सहा-सात शब्दांवर.

तर त्या हिवाळ्यात आम्ही बसलो. दर रविवारी दुपारी, चहा घेऊन, एकेक फोटो. आजोबांना नजरेचा त्रास होता म्हणून मी स्कॅन करून टीव्हीवर मोठे करून दाखवायचे. चेहरा कळला नाही तरी उभं राहायच्या ढबीवरून ओळखायचे, हा डावा हात नेहमी कंबरेवर ठेवायचा, त्याला शंटिंगमध्ये अडकून दोन बोटं गेली होती. ही बाई? ही युद्धात इंजिनं पुसायला आली आणि मग सोडूनच गेली नाही. एका फोटोसाठी अख्खी दुपार जायची. १४० फोटोंपैकी ३१ फोटोंतल्या माणसांची नावं झाली आणि फेब्रुवारीत ते गेले. मुलगी लांब राहते, घर रिकामं करायची घाई, सामान उचलायला आलेल्यांनी दोन खोके निगेटिव्ह बाकीच्या सामानासोबत नेले, मला कळेपर्यंत उशीर झाला होता. मुलीचा काही दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं की यात काही आहे. आणि असे आजोबा इंग्लंडात किती उरलेत सांगा. ब्रिटिश रेल्वेची वाफेची शेवटची मुख्य लाइनवरची गाडी धावली ११ ऑगस्ट १९६८ ला. तेव्हा जो फायरमन २० वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की फोटो शेअर करताना मागची बाजूही टाका. कोरी असली तरी टाका, फोटोग्राफरचा शिक्का असतो, कागदाचा प्रकार कळतो, कोणाच्या तरी हाताचं काहीतरी असतं. कडा कापू नका, मोबाईलवर बरा दिसावा म्हणून आपण इंजिन मधोमध आणतो आणि नेमका कडेचा सिग्नल, कडेचं पोरगं, कडेची जाहिरातीची पाटी उडते. फोटोग्राफरचं नाव खोडू नका, इथल्या कायद्यानं फोटोवर हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो आणि प्रिंट विकत घेतला म्हणजे हक्क विकत घेतला असं होत नाही. पण कायदा बाजूला ठेवा, पावसात बांधाच्या उतारावर चार तास उभं राहून ज्यानं तो एक फोटो काढलाय त्याचं नाव राहावं असं तुम्हालाही वाटतच असेल.

माणसांचे फोटो काढणारेही होते हो, नव्हते असं नाही. आमच्या लेस्टरचेच एस. डब्ल्यू. ए. न्यूटन, १८९० च्या दशकात ग्रेट सेंट्रल रेल्वेची लंडनला जाणारी नवी लाइन खोदली जात होती तेव्हा ते काचेच्या प्लेटा घेऊन त्या खोदकामावर हिंडले. फावडं घेतलेले नॅव्ही, म्हणजे खोदकामावरचे मजूर, त्यांच्या लाकडी झोपड्या, दारात उभ्या बायका, पोरं. त्या प्लेटा आजही इथल्या रेकॉर्ड ऑफिसात आहेत. लाइन १८९९ ला सुरू झाली, १९६६ मध्ये तिचा मोठा भाग बंद पडला, १९६९ ला लेस्टर सेंट्रल स्टेशनही बंद. म्हणजे लाइनचं आयुष्य जेमतेम सत्तर वर्षं आणि ती खोदणाऱ्यांचे चेहरे सव्वाशे वर्षं झाली तरी आहेत. आणि बिशप एरिक ट्रेसी, ते तर धर्मगुरू, तरुणपणी लिव्हरपूलच्या एज हिलला शेडजवळच्याच चर्चमध्ये होते, ड्रायव्हर-फायरमन लोकांशी त्यांची दोस्ती, त्यांच्या फोटोंत इंजिनासोबत माणसं उभी आहेत आणि ती नीट दिसतात. १९७८ मध्ये ॲपलबी स्टेशनवर वाफेच्या गाडीची वाट बघत असतानाच ते गेले. त्यांचे फोटो यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये आहेत, कधी गेलात तर वेळ काढून बघा.

आणि एक गोष्ट खास आपल्या इथल्या मराठी घरांसाठी. पन्नास-साठच्या दशकात कॅरिबियनमधून, आपल्या उपखंडातून आलेली कितीतरी माणसं इथल्या रेल्वेत लागली, हमाल, गार्ड, डबे धुणारे, रुळावरचे गँगमन. ॲस्क्विथ झेवियर नावाचे डॉमिनिकाहून आलेले गार्ड होते लंडनच्या मॅरिलेबोन स्टेशनला, १९६६ मध्ये तिथल्याच युस्टन स्टेशनला बदली मागितली तर रंगावरून नाकारली, मग ते लढले, पेपरात आलं, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ते युस्टनला रुजू झाले. तारीख बघा कुठली! पण शौकिनांच्या फोटोंत अशी माणसं फार कमी दिसतात, कारण कॅमेरा इंजिनाकडे असायचा आणि ही माणसं डब्यांत, गोदामांत, रात्रपाळीला. त्यांचे फोटो असतील तर ते रेल्वेच्या अल्बममध्ये नाहीत, घरच्या अल्बममध्ये आहेत. काकांचा युनिफॉर्ममधला फोटो, नवीन आलेल्या मामाला स्टेशनवर घ्यायला गेलो तेव्हाचा फोटो, मागे चुकून अर्धं इंजिन. आपल्याला वाटतं यात रेल्वेचं काही नाही. तो फोटो पाठवा. ज्यांना इंजिन ओळखता येतं ते अर्ध्या इंजिनावरून तुम्हाला वर्ष काढून देतील आणि तुम्ही आम्हाला मामांचं नाव सांगा.

काही साध्या गोष्टी ज्या मला चुका करत करत कळल्या, त्या सांगून टाकते. प्रिंट निदान ६०० डीपीआयनं स्कॅन करा, स्लाइड असेल तर त्याच्या चार-पाच पट. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, बॉलपेन दाबून लिहिलं की पुढून उठतं. सेलोटेप लावू नका कधीच. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरचा वास यायला लागला असेल तर ती फिल्म सडायला लागलीय, ती बाकीच्यांपासून लांब करा आणि सगळ्यात आधी तीच स्कॅन करा, वाट बघू नका. आणि घरात वयस्कर माणूस असेल तर स्कॅनर नंतर, आधी मोबाईल समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि फोटो त्यांच्या हातात द्या. माझ्याकडे आजोबांचा आवाज नाहीये. नावं लिहून घेतली, आवाज घ्यायचं सुचलंच नाही.

उरलेले १०९ फोटो मी आता एकेक करून टाकणार आहे, दोन्ही बाजूंनी. पहिला हा. लेस्टर सेंट्रल, मागे पेन्सिलीत १४ मे १९६० आणि इंजिनाचा नंबर, तो तुम्ही मला न विचारता सांगाल. मला हवी आहे ती फलाटावर उजव्या कडेला उभी असलेली बाई. डोक्याला रुमाल, बाह्या कोपरापर्यंत वर, एका हातात बादली, आणि ती इंजिनाकडे बघत नाहीये, सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. तुमच्या इथल्या शेजारपाजारी, डे सेंटरला, हॉस्पिटलात, जिथे कुठे त्या वयाची लेस्टरची माणसं भेटतील त्यांना दाखवा.

तुमची,
भुसावळच्या फिटरची मुलगी, लेस्टर